गच्चीवरचं सोलर वेदर स्टेशन: आषाढातही बॅटरी भरलेली कशी ठेवायची

घरच्या वेदर स्टेशनचा सेन्सर फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्चीवर लावला की मे संपेपर्यंत सगळं सुरळीत चालतं. तापमान येतं, आर्द्रता येते, मोबाइलवर आलेख दिसतो. मग मृग लागतो, चार-पाच दिवस झड बसते आणि नेमकी पाऊस मोजायची वेळ येते तेव्हा सेन्सर मुका होतो. यावर बहुतेक जण एकच उपाय करतात: मोठं पॅनेल आणतात. पुढच्या आषाढात पुन्हा तेच. टाकी गळत असताना मोठी मोटार बसवण्यातला हा प्रकार. पॅनेल बिचारं आपलं काम करत असतं. सर्किट झोपेत असताना किती वीज पितं, हे कुणी मोजलेलंच नसतं.

म्हणून या लेखात पॅनेल बरंच पुढे येईल. आधी खर्च, मग साठा, मग चार्जर आणि मग ऊन, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. उदाहरणाला नवशिके सहसा ज्याने सुरुवात करतात तोच संच घेऊ: वाय-फाय असलेला ईएसपी३२ बोर्ड, तापमान-आर्द्रता-हवेचा दाब मोजणारा बीएमई२८०, एक १८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल, टीपी४०५६ चार्जर मॉड्यूल आणि ६ व्होल्ट, १ वॉटचं छोटं पॅनेल. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळतं.

तयार स्टेशन विकत घेतलं असेल तर

वर पॅनेल दिसतं म्हणून आत चार्ज होणारी बॅटरी असेलच असं नाही. बऱ्याच तयार स्टेशनांत पॅनेल एका सुपरकपॅसिटरला (वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरला) भरतं. दिवस आणि रात्रीचा बराच वेळ त्यावर निघतो, आणि तो रिकामा झाला की चार्ज न होणारी बॅटरी मदतीला येते. डेव्हिस कंपनीच्या व्हँटेज प्रो२ मध्ये ही मदतनीस बॅटरी ३ व्होल्टची सीआर१२३ए लिथियम असते. इतर काही मॉडेलांत दोन पेन्सिल सेल असतात. अशा स्टेशनच्या नोंदी दिवसा येत असतील आणि पहाटे बंद पडत असतील तर पॅनेलला दोष देऊ नका, मदतनीस बॅटरी संपली आहे. ती मे महिन्यात, पाऊस यायच्या आधीच बदला. साधे अल्कलाइन सेल दमट हवेत वर्षभर विसरले की पाझरतात आणि संपर्काच्या पट्ट्या खातात, त्यामुळे चार पैसे जास्त देऊन लिथियमचे पेन्सिल सेल घालावेत. १.२ व्होल्टचे रिचार्जेबल सेल मात्र माहितीपुस्तिकेत स्पष्ट परवानगी असेल तरच घाला. तिथे ते पॅनेलवर भरले जात नाहीत, आणि व्होल्टेज आधीच कमी असल्यामुळे स्टेशन लवकर कुरकुरायला लागतं.

पॅनेल पुसणं आणि जागा निवडणं याबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते तयार स्टेशनलाही लागू आहे. बाकीचा लेख स्वतः जोडणाऱ्यांसाठी.

पायरी १: कागदावर हिशेब

समजा सेन्सर दर १० मिनिटांनी जागा होतो, वाय-फायला जोडला जातो, आकडे पाठवतो आणि पुन्हा झोपतो. जागेपणीचे ५ सेकंद आणि त्या वेळचा सरासरी १०० मिलीअँपिअर करंट धरा. एका वेळचा खर्च ५०० मिलीअँपिअर-सेकंद, म्हणजे जवळजवळ ०.१४ मिलीअँपिअर-तास. दिवसातून हे १४४ वेळा होतं. एकूण २० मिलीअँपिअर-तास.

आता झोपेतला खर्च. ईएसपी३२ची चिप डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत, १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. दिवसाला पाव मिलीअँपिअर-तास, म्हणजे सोडून द्यावा इतका. पण आपण नुसती चिप घेत नाही, अख्खा बोर्ड घेतो. स्वस्त बोर्डावरचा, चिपसाठी व्होल्टेज ३.३ वर उतरवणारा एएमएस१११७ रेग्युलेटर स्वतःच्या पोटासाठीच ५ मिलीअँपिअरच्या आसपास खातो. पॉवरचा तो लाल दिवा रात्रंदिवस जळतो, यूएसबीची चिप आपला वाटा घेते. मिळून १० मिलीअँपिअर धरा. दिवसाचे २४ तास, म्हणजे २४० मिलीअँपिअर-तास.

म्हणजे कामाला २० आणि झोपेला २४०.

पॅनेलकडे बघू. ६ व्होल्ट, १ वॉटचं पॅनेल भर उन्हात साधारण १६० मिलीअँपिअर देतं. एप्रिलमध्ये पूर्ण उन्हाचे पाच तास सहज मिळतात: ८०० मिलीअँपिअर-तास. २६० खर्च करणारा उधळ्या संचही त्यात आरामात जगतो, म्हणूनच उन्हाळ्यात कुणाला काही जाणवत नाही. पावसाळ्यात घाटमाथ्यावर किंवा कोकणात दाट ढगांच्या दिवसासाठी मी पूर्ण उन्हाचा एकच तास धरतो आणि गळती-घट वजा करून हातात १०० मिलीअँपिअर-तास पडतील असं समजतो. खर्च २६०, जमा १००. रोज १६०ची तूट. २,५०० मिलीअँपिअर-तासांच्या सेलमधले वापरण्याजोगे २,००० धरले तर बारा दिवसांत दिवाळं. मृगात झड बसली की आर्द्रा लागेपर्यंत सेन्सर बंद, असं का होतं ते यात आलं.

तोच झोपेतला खर्च मायक्रोअँपिअरमध्ये आणला तर दिवसाला वीस-एकवीस लागतात. मग पॅनेल काढून कपाटात ठेवलं तरी सेल तीन महिने पुरतो.

पायरी २: झोपेतला करंट प्रत्यक्ष मोजा

मल्टिमीटर बॅटरीच्या पॉझिटिव्ह तारेत मालिकेत जोडायचा. इथे नवा माणूस हमखास अडतो. मीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवून संच सुरू केला की बोर्ड उठतच नाही, कारण त्या रेंजमध्ये मीटरच्या आतला रोध मोठा असतो आणि वाय-फाय चालू होताना लागणारे दोन-तीनशे मिलीअँपिअर त्यातून जाताना व्होल्टेज कोसळतं. बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत राहतो आणि आपल्याला वाटतं बोर्डच गेला.

यावर सोपी युक्ती आहे. मीटरच्या दोन्ही टोकांना जोडणारी एक जंपर तार लावा, म्हणजे करंट मीटरला वळसा घालून जाईल. संच सुरू करा, आकडे पाठवू द्या, झोपू द्या. झोपला की जंपर तार काढा. आता मीटरवर दिसतो तो खरा झोपेतला करंट. पुढचं जागरण व्हायच्या आत तार परत लावा. पहिल्यांदा करताना प्रोग्राममध्ये झोपेचा वेळ पाच-दहा मिनिटं ठेवला तर घाई होत नाही.

आकडा १०० मायक्रोअँपिअरच्या खाली असेल तर उत्तम, पुढच्या पायरीवरून नुसती नजर फिरवा. एक मिलीअँपिअरच्या वर असेल तर गळती शोधायलाच हवी.

पायरी ३: गळती बंद करा

पहिला गुन्हेगार रेग्युलेटर. एएमएस१११७ दोन बाजूंनी नडतो. तो सतत खातो हे झालंच, शिवाय ३.३ व्होल्ट बाहेर द्यायला त्याला आत ४.४ व्होल्टच्या आसपास लागतात. लिथियम-आयन सेल तर पूर्ण भरल्यावरही ४.२च असतो. म्हणजे या रेग्युलेटरवर सेलची निम्मी ताकद वापरलीच जात नाही. त्याऐवजी बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर बाहेरून एचटी७८३३ किंवा एमसीपी१७०० सारखा अल्पाहारी रेग्युलेटर जोडा. हे स्वतःसाठी काही मायक्रोअँपिअरच घेतात. एमसीपी१७००ची मर्यादा २५० मिलीअँपिअर आहे, वाय-फायच्या झटक्याला ती काठावर पडते, म्हणून माझी पसंती ५०० मिलीअँपिअर झेपवणाऱ्या एचटी७८३३ला. दोन्हींच्या बाबतीत बाहेरच्या बाजूला ४७० ते १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. वाय-फाय सुरू होतानाचा झटका तो पेलतो.

दुसरा, तो लाल दिवा. त्याचा रोधक सोल्डरिंग गनने उचलून टाका, किंवा दिवाच कटरने तोडा. जीव कळवळतो, पण करा.

सोल्डरिंगची भीती असेल तर सरळ बॅटरीवर चालण्यासाठीच बनवलेला ईएसपी३२ बोर्ड घ्या. झोपेत दहा-वीस मायक्रोअँपिअरवर राहणारे बोर्ड मिळतात. थोडे पैसे जास्त जातात आणि ही अख्खी पायरी वाचते. नवशिक्याने हेच करावं असं मला वाटतं.

तिसरी गळती बॅटरीचं व्होल्टेज मोजण्यासाठी लावलेल्या दोन रोधकांची. दोन्ही १० किलोओहमचे लावले तर त्यातून सतत २०० मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे झोपलेल्या चिपच्या वीसपट. दोन्ही १ मेगओहमचे लावा आणि मोजण्याच्या पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. ईएसपी३२वर व्होल्टेज वाचणाऱ्या पिनांचे एडीसी१ आणि एडीसी२ असे दोन गट आहेत. ही पिन एडीसी१ मधलीच निवडा, एडीसी२ वाय-फाय चालू असताना काम देत नाही.

चौथी फक्त पर्जन्यमापक जोडणाऱ्यांसाठी. पाण्याने भरलं की उलटून स्विच दाबणारं त्यातलं डोलपात्र नेमकं स्विच जोडलेल्या अवस्थेत थांबलं तर पिनला व्होल्टेजकडे ओढून ठेवणाऱ्या पुल-अप रोधकातून करंट वाहत राहतो. तिथेही मेगओहममधला रोधक हवा.

पायरी ४: सेल निवडताना

१८६५० सेल घेताना वेष्टनावर ९,९०० मिलीअँपिअर-तास छापलेलं दिसलं तर दुकानातून निघा. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता २,००० ते ३,५०० च्या दरम्यान असते. घरच्या वजनकाट्यावरही खरं-खोटं कळतं: चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, नकली बराच हलका निघतो. जुन्या लॅपटॉप बॅटरीतले सेल फुकट मिळतात खरे, पण त्यांची उरलेली क्षमता मोजायचं साधन नसेल तर गच्चीवर, नजरेआड, उन्हात ते ठेवू नयेत.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी वेगळा सल्ला आहे. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं बहुतेक उत्पादक सांगतात. चंद्रपूर-अकोल्याला मे महिन्यात सावलीतलंच तापमान तिथे पोचतं, मग उन्हातल्या बंद खोक्यात काय होत असेल? अशा ठिकाणी लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा सेल घ्यावा. तो उष्णतेला जास्त तोंड देतो आणि पेट घेण्याचा धोकाही कमी. सोलर दिव्यांत वापरतात तो ६,००० मिलीअँपिअर-तासांचा जाडा सेल बाजारात सहज मिळतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. त्याला टीपी४०५६ चालत नाही, कारण ते ४.२ व्होल्टपर्यंत चढवतं आणि हा सेल ३.६५च्या वर जाता कामा नये, त्यासाठी ३.६ व्होल्टवर लावता येणारं टीपी५००० सारखं मॉड्यूल लागतं. आणि याचं व्होल्टेज बराच काळ सपाट राहतं, त्यामुळे आकडा बघून किती चार्ज उरला याचा अंदाज येत नाही.

पायरी ५: चार्जर

टीपी४०५६ स्वस्त आहे, चालतं, पण ते मोबाइल चार्जरसारख्या ठाम पुरवठ्यासाठी बनवलेलं आहे. कारखान्यातून येताना ते १ अँपिअर मागायला बसवलेलं असतं. आपलं पॅनेल १६० मिलीअँपिअरचं. मागणी पुरवठ्यापेक्षा मोठी असली की पॅनेलचं व्होल्टेज खाली ओढलं जातं आणि मंद प्रकाशात चार्जर अडखळत राहतो. मॉड्यूलवर करंट ठरवणारा १.२ किलोओहमचा बारीक रोधक असतो. तो काढून १० किलोओहमचा लावला की मागणी १३० मिलीअँपिअरच्या आसपास येते आणि छोट्या पॅनेलला झेपते.

मॉड्यूल घेताना त्यावर सेलचं संरक्षण करणारी डीडब्ल्यू०१ चिप असलेलंच घ्या. त्याला बॅटरीसाठी दोन आणि लोडसाठी (म्हणजे आपल्या बोर्डासाठी) दोन वेगळे बिंदू असतात. टीपी४०५६ला ८ व्होल्टच्या वर चालत नाही, त्यामुळे पॅनेल जोडण्याआधी स्वच्छ उन्हात त्याचं मोकळं, म्हणजे काहीच न जोडलेलं असतानाचं, व्होल्टेज मोजून घ्या. ६ व्होल्ट म्हणून विकलेलं पॅनेल मोकळं असताना ७च्या वर जातं, ते ठीक आहे. ९ व्होल्टचं पॅनेल जोडलंत तर मॉड्यूल गेलं म्हणून समजा.

बजेट असेल तर सीएन३७९१ असलेलं मॉड्यूल घ्या. ते पॅनेलचं व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या खाली जाऊ देत नाही, जेवढं ऊन तेवढाच करंट घेतं. ६, ९ आणि १२ व्होल्टच्या पॅनेलसाठी त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या येतात. आपल्या पॅनेलशी जुळणारी मागून घ्या. पावसाळी भागात याचा फरक जाणवतो.

पायरी ६: पॅनेल, आणि परदेशी सल्ल्यातली गफलत

इंटरनेटवरचे बरेच मार्गदर्शक युरोप-अमेरिकेतले असतात. तिथे तंगीचा महिना डिसेंबर. सूर्य क्षितिजालगत, दिवस लहान, बर्फ. म्हणून ते पॅनेल खूप उभं, ६० अंशांपर्यंत ठेवायला सांगतात. आपल्याकडे डिसेंबरमध्ये ऊन भरपूर असतं. पुण्यात २१ डिसेंबरच्या दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो. आपली तंगी आषाढ-श्रावणातली. त्या दिवसांत सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर मुंबई-पुण्याच्या दुपारी तो किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. या काळाच्या दोन्ही टोकांना आपण शून्य सावली दिवस पाहतो. शिवाय ढगाळ दिवशी प्रकाश एका दिशेने येत नाही, अख्ख्या आकाशातून झिरपतो. उभ्या पॅनेलला निम्मं आकाश दिसतच नाही.

म्हणून महाराष्ट्रात आणि गोव्यात पॅनेल दक्षिणेला तोंड करून १५ अंशांच्या आसपास कलतं ठेवा. अगदी आडवं नको, कारण पाणी साचतं, धूळ थरते, पक्ष्यांची विष्ठा जागेवरच वाळते. पावसाने धुऊन निघेल इतका उतार पुरे.

सावली हा मोठा शत्रू. छोट्या पॅनेलमधले सगळे तुकडे मालिकेत जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर आंब्याचं एक पान पडलं तरी पूर्ण पॅनेलचा करंट घसरतो. जागा निवडताना पाण्याची टाकी, जिन्याची खोली, डिशची छत्री आणि गच्चीचा कठडा यांच्या सावल्या सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता बघा. उन्हाळ्यात जागा बघून पॅनेल लावणाऱ्यांना हिवाळ्यात कोडं पडतं, कारण दक्षिणेकडचा तीन फुटी कठडा डिसेंबरच्या भर दुपारीही पावणेतीन फूट सावली टाकतो.

पॅनेल चांगलं की वाईट हे व्होल्टेजवरून ठरवू नका. ढगाळ दिवशी मोकळ्या पॅनेलवर मीटर ६ व्होल्ट दाखवतो आणि माणूस खुश होतो. व्होल्टेज थोड्याशा उजेडातही टिकतं, कोसळतो तो करंट. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून पॅनेलच्या दोन तारा थेट मीटरला जोडा. एवढ्या छोट्या पॅनेलला असं शॉर्ट केल्याने काही होत नाही. भर उन्हात दीडशे मिलीअँपिअरच्या आसपास दिसलं पाहिजे. त्याच जागी दाट ढगांत दहा-वीस दिसतील. हाच आकडा वहीत लिहून ठेवा, दोन वर्षांनी पॅनेल किती उतरलं ते त्यावरून कळेल.

स्वस्त पॅनेलवर एपॉक्सीचा थर असतो. एक-दोन उन्हाळ्यांत तो पिवळा आणि धुरकट होतो. काचेचं पॅनेल थोडं जड पण टिकाऊ. पुसताना सकाळी, गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. कोकणात पावसाळ्यात कडेने शेवाळ धरतं, तिकडेही हात फिरवा.

पायरी ७: खोका

बॅटरी आणि चार्जर पॅनेलच्या मागे चिकटवू नका. पॅनेल उन्हात तापतं आणि ती सगळी उष्णता सेलला मिळते. मागे बोटभर तरी हवा खेळली पाहिजे, किंवा खोका वेगळा, पांढऱ्या रंगाचा, उत्तरेच्या बाजूला सावलीत लावावा. टीपी४०५६च्या स्वस्त मॉड्यूलवर सेलचं तापमान बघणारी पिन ग्राउंडला, म्हणजे ऋण टोकाला, जोडून निकामी केलेली असते, म्हणजे सेल कितीही तापला तरी चार्जर थांबणार नाही. सावली हेच तिथे संरक्षण.

बीएमई२८० या खोक्यात ठेवायचा नाही. तो वेगळ्या, हवेशीर पांढऱ्या छत्रीत जातो. कुंडीखाली ठेवतात त्या प्लॅस्टिकच्या पांढऱ्या ताटल्या एकावर एक रचून ती घरी करता येते. पॅनेलला या छत्रीचं झाकण करायचा मोह होतो, पण तसं केलं तर दुपारचं तापमान नेहमी जास्त दिसेल.

तारा खोक्यात खालूनच घ्या, केबल ग्लँड लावून, आणि आत शिरण्याआधी तारेला खाली झोका ठेवा म्हणजे पाणी त्या झोक्यावरून ठिबकून जाईल. सांधे भरायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातल्या आम्लाने तांबं हिरवं पडतं. न्यूट्रल लिहिलेलं मागा. खोक्याच्या तळाला श्वासापुरतं बारीक छिद्र ठेवा आणि त्यावर बारीक जाळी चिकटवा. जाळी विसरलात तर कुंभारीण माशी महिनाभरात तिथे मातीचं घर बांधते, आणि मग छिद्र नसल्यासारखंच.

पायरी ८: प्रोग्राममधली काटकसर

एका जागरणाला लागणाऱ्या पाच सेकंदांतले बरेचसे वाय-फायला जोडण्यात जातात. आयपी पत्ता कायमचा ठरवून दिला आणि राउटरचा चॅनेल व ओळख चिपच्या झोपेतही टिकणाऱ्या आरटीसी मेमरीत जपून ठेवली, तर बऱ्याच घरांत जोडणी एका सेकंदाच्या आसपास होते. खर्च निम्म्याहून खाली. राउटर बंद असेल तर सेन्सर मिनिटभर वाट बघत बसू नये, दहा सेकंदांत हार मानून झोपावा. वीज गेलेल्या एका रात्रीत बॅटरी पिऊन टाकण्याचं हे हमखास कारण.

पर्जन्यमापक असेल तर प्रत्येक टिचकीला वाय-फाय उघडू नका. डोलपात्राची एक टिचकी ०.२८ मिलिमीटरची धरली तर १०० मिलिमीटर पावसाच्या दिवशी साडेतीनशेच्या वर टिचक्या पडतात. प्रत्येक वेळी आकडा पाठवला तर ५० मिलीअँपिअर-तास जादा खर्च, तोही नेमका ऊन नसलेल्या दिवशी. टिचकीला फक्त क्षणभर जागं होऊन मोजणी एकने वाढवायची आणि झोपायचं. पाठवायचं ठरलेल्या वेळीच.

शेवटी व्होल्टेजप्रमाणे वागणूक बदला. लिथियम-आयनसाठी माझे टप्पे असे: ३.७ च्या वर दर १० मिनिटांनी, ३.७ ते ३.५ मध्ये अर्ध्या तासाने, ३.५ ते ३.३ मध्ये तीन तासांनी. त्याखाली दिवसातून एकदा, सकाळी साडेआठला. भारतीय हवामान विभाग दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच मोजतो, त्यामुळे तंगीतही तुमचा रोजचा आकडा वेधशाळेच्या आकड्याशी ताडून बघता येतो. हे टप्पे नसतील तर कमकुवत सेल वाय-फायच्या झटक्याने बसतो, चिप रीसेट होते, उठून पुन्हा वाय-फाय सुरू करते, आणि या फेऱ्यात उरलेली वीजही जाते.

गच्चीवर चढवण्याआधी

सेल पूर्ण भरा, पॅनेल जोडू नका आणि संच आठवडाभर घरातच टेबलावर चालू ठेवा. काटकसरी संच आठवड्याने ४.१ व्होल्टच्या आसपास असेल. तो ३.७ वर आला असेल तर गळती अजून आहे, पायरी २ वर परत जा. मगच शिडी काढा.

आलेख वाचायला शिका

तापमानाइतकंच बॅटरीच्या व्होल्टेजलाही आलेखात जागा द्या. निरोगी संचाचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो, दिवसा वर, रात्री किंचित खाली. पावसाळ्यात दाते बुटके होतात आणि रेघ हळूहळू उतरते. उघडीप मिळाली की दोन दिवसांत सावरते.

रोज ठरावीक वेळी चढण तुटत असेल तर सावली. झाड वाढलंय का बघा, किंवा शेजारच्या गच्चीवर नवा पत्रा. दिवसभर चढण नाहीच, पण ऊन आहे, तर पॅनेलची तार सुटली आहे किंवा तिचं टोक गंजलं आहे. समुद्राजवळ हे फार होतं. दुपारी झटकन ४.२ गाठून रात्री धाडकन ३.६ला येत असेल तर सेलचं वय झालं. आणि संच पूर्ण मेला, बॅटरीच्या बिंदूंवर व्होल्टेज आहे पण लोडच्या बिंदूंवर शून्य, तर डीडब्ल्यू०१ ने सेलला वाचवण्यासाठी लोड तोडला आहे. खोका खाली आणा, मॉड्यूलला मोबाइलचा चार्जर लावा, थोड्या वेळात लोड परत जोडला जातो.

सेल फुगलेला दिसला, किंवा २ व्होल्टच्या खाली जाऊन बरेच दिवस पडून राहिला असेल, तर त्याला पुन्हा जिवंत करायच्या भानगडीत पडू नका. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. नवा सेल बसवताना त्याच्या वेष्टनावर पक्क्या शाईच्या पेनने महिना आणि वर्ष लिहा.